नेमकं कुठं दुखतंय? नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शरीराचे भाग असे शिका

बारावीपर्यंत मराठीत शिकून जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) आलेल्या मुलींची पहिल्या महिन्यातली तक्रार ठरलेली असते: ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, डोक्यात शिरत नाही. माझीही हीच होती. क्रॅनियम, थोरॅक्स, ॲब्डोमेन, पेल्व्हिस हे शब्द मी पाढ्यांसारखे पाठ केले आणि लेखी परीक्षेत बरे मार्कही पडले. मग वॉर्डात एक आजी म्हणाल्या, "पोरी, पाय लई दुखतोय गं." मी त्यांच्या पावलांपाशी गेले, टाच आणि घोटा दाबून बघितला, सूज नव्हती, म्हणून वहीत ‘फूट पेन’ लिहून मोकळी झाले. थोड्या वेळाने सीनियर सिस्टरनी येऊन चादर बाजूला केली. आजींचं उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला कललं होतं आणि तो पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. खुब्याजवळचं हाड मोडलं होतं.

आजी बरोबरच बोलल्या होत्या. मराठीत खुब्यापासून बोटांपर्यंत सगळा पायच असतो. पुस्तकातले शब्द मला येत होते आणि आजींचे शब्द तर माझेच होते. या दोन्हींची गाठ कशी मारायची, ते येत नव्हतं. पुढे रोज थोडं थोडं करत ते जमवलं, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. फिजिओथेरपीला किंवा लॅबच्या कोर्सला आलेल्यांना, आणि घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांनाही हे उपयोगी पडेल.

काय काय लागेल

- अंगभर दिसेल असा आरसा
- काजळाची पेन्सिल (धुतली की जाते, बॉलपेन वापरू नका, चामडी खरवडते)
- शिंप्याची टेप
- एक वही, प्रत्येक पानावर दोन रकाने: डावीकडे पेशंटचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला
- सराव करायला तयार असलेली एक मैत्रीण

दार लावून बसा. मैत्रिणीच्या अंगाला हात लावण्याआधी "इथे हात लावू का?" असं प्रत्येक वेळी विचारा. ही सवय खोलीत लागली तरच वॉर्डात टिकते.

१. आधी उभं राहायला शिका

सरळ उभ्या राहा. नजर समोर, पावलं जवळजवळ, हात अंगालगत आणि तळवे पुढे. ही झाली ॲनाटॉमिकल पोझिशन. पेशंट कुशीवर झोपलेला असो की खुर्चीत वाकून बसलेला, त्याचं वर्णन करताना तो असा उभा आहे असंच धरायचं. मग वर म्हणजे डोक्याकडे, खाली म्हणजे पावलांकडे, आणि त्यात गोंधळ होत नाही.

तळवे पुढेच का, हे मला बरेच दिवस समजलं नव्हतं. हात उताणा असला की कोपराखालची दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, शेजारी शेजारी राहतात. तळवा मागे वळवला की रेडियस अल्नावर तिरकं जातं. एका हाताने दुसऱ्या हाताची ही हाडं धरून तळवा फिरवून बघा, बोटांखाली हालचाल जाणवते. हात उताणा असताना अंगठ्याची बाजू शरीराच्या मधल्या रेषेपासून लांब असते, तिला लॅटरल म्हणतात. करंगळीची बाजू जवळ, ती मीडियल. हातापायांसाठी आणखी एक जोडी लागते: धडाकडचं ते प्रॉक्सिमल, बोटांकडचं ते डिस्टल.

इथे फसायला होतं ते डाव्या-उजव्यात. डावं-उजवं नेहमी पेशंटचं. चित्रातला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याचं यकृत पानाच्या डाव्या बाजूला दिसतं, पण ते त्याच्या उजवीकडे असतं. एक्स-रे लावतानाही हाच नियम, म्हणून फिल्मवरचं अक्षर (उजव्याला R, डाव्याला L) आधी बघायचं. वहीच्या पहिल्याच पानावर माणसाची आकृती काढून तिच्या बाजूंना ‘उ’ आणि ‘डा’ लिहून टाका.

२. मोठे तुकडे पाडा

डोकं, मान, धड, दोन हात, दोन पाय. धडात वरून खाली छाती, पोट, ओटीपोट, आणि मागून पाठ. बारीक नावांच्या मागे लागण्याआधी एवढं पक्कं करा. सुश्रुतसंहितेत शरीर ‘षडंग’ म्हटलं आहे, म्हणजे चार शाखा, मध्य आणि शिर. आजचं पुस्तकही फार वेगळं सांगत नाही. मोठ्या माणसाची २०६ हाडं ते दोन गटांत वाटतं: डोकं, कणा आणि छातीचा पिंजरा मिळून ८०, हातापायांची १२६.

या वाटणीत एक गोष्ट अनपेक्षित आहे. गळ्याखालचं आडवं हाड (क्लॅव्हिकल) आणि पाठीवरचा खवाटा (स्कॅप्युला) दिसायला धडावर असले तरी मोजले जातात हातात. तसंच कमरेचं मोठं हाड पायात धरतात. म्हणून हाताची हाडं एका बाजूला ३२ आणि पायाची ३१.

३. डोकं आणि मान

कवटीची हाडं २२: मेंदूभोवती ८ आणि चेहऱ्याची १४. भागांची नावं हाडांवरूनच पडली आहेत. कपाळ ते फ्रंटल, कानशील ते टेंपोरल, माथ्याच्या दोन्ही बाजू परायटल, उशीला टेकतो तो मागचा भाग ऑक्सिपिटल. "डोकं दुखतंय" असं कुणी म्हटलं तर यांपैकी कुठे, एवढं विचारा आणि पुढे चला.

‘टाळू’ या शब्दापाशी मात्र थांबा. मराठीत टाळू दोन: एक तोंडातला वरचा भाग, दुसरी तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा. आई म्हणाली, "बाळाची टाळू खोल गेलीय", तर ती डोक्यावरची. जुलाब-उलट्या होणाऱ्या बाळाची टाळू आत गेली असेल तर अंगातलं पाणी कमी झाल्याची ती खूण असते. हे ऐकून तोंडात टॉर्च मारत बसू नका, लगेच सिस्टरला सांगा. डोक्यावरची पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते.

मानेच्या बाबतीत मराठी आपल्याला मदत करते. हिंदीत ‘गला’ म्हटलं की आतलं आणि बाहेरचं दोन्ही आलं. आपल्याकडे मागून आणि बाजूने ती मान, पुढून तो गळा, आणि आतून तो घसा. "घसा दुखतो" आणि "गळ्याला गाठ आलीय" या दोन तक्रारी पार वेगळ्या. वही लिहिताना हा फरक जपा. घाटी (गळ्याच्या पुढचा टणक उंचवटा) बोटाने चाचपा आणि घोट गिळा, ती वर सरकते. थायरॉइडची ग्रंथी तिच्या जरा खाली असते आणि तीही गिळताना वर जाते, म्हणून गळ्याची गाठ तपासताना डॉक्टर पेशंटला पाणी गिळायला लावतात.

४. छाती: बरगड्या मोजायला शिका

हे एक कौशल्य आलं की ईसीजीची (हृदयाच्या आलेखाची) भीती जाते, म्हणून इथे वेळ द्या.

गळ्याच्या तळाशी दोन्ही क्लॅव्हिकलच्या मधोमध एक खळगा असतो. तिथे बोट ठेवा आणि छातीच्या मधल्या हाडावरून सावकाश खाली या. साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. काहींच्या बाबतीत तो दिसत नाही, पण बोटाला जाणवतो. हा स्टर्नल अँगल. तिथून बोट बाजूला सरकवलं की जी बरगडी लागते ती दुसरी. तिच्या खालची फट ही दुसरी इंटरकॉस्टल स्पेस. तिथून पुढे मोजत जा: बरगडी, फट, बरगडी, फट. पहिली बरगडी क्लॅव्हिकलच्या आड असते, तिच्यापासून मोजायला गेलात तर चुकाल.

आता चौथी फट शोधा. छातीवर चिकटवायच्या ईसीजीच्या वायरींना, म्हणजे लीडना, व्ही-वन, व्ही-टू अशी नावं असतात. मधल्या हाडाच्या उजव्या कडेला व्ही-वन, डाव्या कडेला व्ही-टू. पाचव्या फटीत, डाव्या क्लॅव्हिकलच्या मध्यावरून खाली सोडलेल्या रेषेवर व्ही-फोर. हृदयाच्या टोकाचा ठोकाही साधारण तिथेच लागतो. काजळाने खुणा करा, दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा शोधा.

स्तनाग्राला खूण धरून लीड लावू नका. त्याची जागा प्रत्येकीत वेगळी असते. बायकांच्या बरगड्या मधल्या हाडाच्या कडेने मोजत खाली यायचं आणि मग बाजूला जायचं. पडदा ओढलेला हवा आणि लागेल तेवढाच भाग उघडा हवा.

बरगड्यांच्या एकूण १२ जोड्या. वरच्या सात आपापल्या कूर्चेने मधल्या हाडाला जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्या कूर्चेला टेकलेल्या, शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. आता नीट ध्यानात घ्या: पिंजरा संपतो तिथे छाती संपत नाही, ती आधीच संपते. फुप्फुसांखालचा पडदा, डायफ्रॅम, घुमटासारखा वर गेलेला असतो. म्हणून उजवीकडच्या खालच्या बरगड्यांच्या आत यकृत असतं आणि डावीकडे नववी, दहावी, अकरावी यांच्या आड प्लीहा. गाडीवरून पडून डाव्या खालच्या बरगड्यांना मार लागलेला माणूस "छातीला लागलंय" म्हणतो, आणि रक्त पोटात साचत असतं.

५. पोट: नऊ चौकोन

"पोटात दुखतंय" एवढ्याने काहीच कळत नाही. पोटावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा काढा. उभ्या रेषा दोन्ही क्लॅव्हिकलच्या मध्यांवरून खाली. वरची आडवी रेषा बरगड्यांच्या खालच्या कडेला, खालची कमरेच्या हाडांचे दोन्हीकडचे उंचवटे जोडणारी. फुल्ली-गोळ्याच्या खेळासारखे नऊ चौकोन होतात.

वरची रांग: उजवं हायपोकाँड्रियम, मधे एपिगॅस्ट्रियम, डावं हायपोकाँड्रियम. नावं अवघड वाटतात, पण ग्रीक भाषेत हायपो म्हणजे खाली आणि काँड्रोस म्हणजे कूर्चा, तेव्हा हायपोकाँड्रियम म्हणजे ‘बरगड्यांच्या कूर्चेखालचं’. एपि म्हणजे वर आणि गॅस्टर म्हणजे जठर. मधली रांग: उजवं लंबार, बेंबीभोवतीचं अंबिलिकल, डावं लंबार. लंबारला आपण कुशी म्हणतो. खालची रांग: उजवं इलिॲक, मधे हायपोगॅस्ट्रियम, डावं इलिॲक. मधलं म्हणजे आपलं ओटीपोट.

प्रत्येक चौकोनात निदान एक अवयव बसवा. उजव्या वरच्यात यकृत आणि पित्ताशय, मधल्या वरच्यात जठराचा भाग, डाव्या वरच्यात प्लीहा, उजव्या खालच्यात अपेंडिक्स. अवयव चौकोनांच्या रेषा पाळत नाहीत, एक दोन-तीन चौकोनांत पसरलेला असतो. तरी सुरुवातीला हे पुरतं. काही वॉर्डांत नवाऐवजी चारच भाग वापरतात, बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेषा. तुमच्या वॉर्डात काय चालतं ते विचारून घ्या.

कमरेच्या उजव्या हाडाचं पुढचं टोक हाताला लागतं. तिथून बेंबीपर्यंत टेप धरा आणि टोकापासून एक तृतीयांशावर खूण करा. हा मॅकबर्नी पॉइंट. चार्ल्स मॅकबर्नी या अमेरिकन शल्यविशारदाने १८८९ मध्ये तो मांडला. अपेंडिक्स सुजलं की बहुतेकदा इथे दाबलेलं सहन होत नाही. पण दुखणं सुरू होतं ते बऱ्याचदा बेंबीभोवती, आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं. म्हणून "आत्ता कुठं दुखतंय?" याच्या जोडीला "सकाळी कुठं दुखत होतं?" हेही विचारा.

सगळ्यात घातक फसगत एपिगॅस्ट्रियमची. पेशंट म्हणतो, "ॲसिडिटी झालीय, वरच्या पोटात जळतंय." हार्ट ॲटॅकची कळही तिथेच येऊ शकते. मध्यमवयीन किंवा म्हातारा माणूस, मधुमेह, घाम, मळमळ असं काही असेल तर त्याच्या ‘ॲसिडिटी’ या शब्दावर विसंबू नका, ताबडतोब डॉक्टरांना सांगा.

‘काळीज’ हा असाच शब्द. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, बोलण्यात काळीज म्हणजे हृदय. "काळजात कळ आली" म्हणणारी बाई हात कुठे ठेवते, ते बघा.

६. ओटीपोट आणि त्याखालचं

पेल्व्हिस म्हणजे कमरेच्या हाडांची परात. तिच्यात मूत्राशय, गुदाशय, बायकांत गर्भाशय आणि अंडाशय. हा भाग शिकायला सोपा आहे, बोलायला अवघड. बायका भागाचं नाव घेत नाहीत. "खाली आग होते", "लघवीच्या जागी दुखतं", "अंग बाहेर येतं" असं म्हणतात. शेवटचं वाक्य बहुतेकदा गर्भाशय खाली सरकल्याचं असतं. ते ‘अंगदुखी’ म्हणून लिहिलं गेलेलं मी स्वतः पाहिलं आहे. त्या बाईने किती वर्षं धीर गोळा करून ते सांगितलेलं असतं! हळू आवाजात, नातेवाइकांना बाहेर पाठवून, तिच्याच शब्दांत पुन्हा विचारा.

‘जांघ’ हा शब्द मुंबई-नागपूरकडे फार फसवतो. मराठीत जांघ म्हणजे मांडी आणि पोट मिळतात तो सांधा, पुस्तकातलं ग्रॉइन किंवा इंग्वायनल रीजन. हिंदीत जांघ म्हणजे अख्खी मांडी. हिंदी बोलणाऱ्या पेशंटने जांघ म्हटलं तर बोट ठेवून दाखवायला सांगा.

७. पाठ

मैत्रिणीला मान खाली घालायला सांगा. मानेच्या मुळाशी सगळ्यात वर आलेला मणका बहुतेकदा मानेचा सातवा. तिथून खाली छातीचे १२, कमरेचे ५, मग एकत्र जुळलेलं सेक्रम आणि शेवटी माकडहाड. हात खाली सोडले असताना खवाट्याचं खालचं टोक साधारण सातव्या छातीच्या मणक्याच्या पातळीला येतं. कमरेच्या दोन्ही हाडांच्या सर्वांत वरच्या कडा जोडल्या की चौथा कमरेचा मणका. पाठीतून पाणी काढताना डॉक्टर आधी हीच रेषा शोधतात.

‘कंबर दुखते’ या दोन शब्दांत निदान तीन जागा असतात: कण्याचा खालचा भाग, बाराव्या बरगडीखाली कण्याशेजारचा कोपरा, आणि कुल्ले. मधल्या कोपऱ्यामागे मूत्रपिंड आहे. मुतखड्याची कळ तिथून कुशीतून जांघेपर्यंत उतरते. पेशंट हात फिरवत खाली नेतो, ती दिशाही लिहून ठेवा.

८. हात

बोलण्यात खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात. पुस्तकात ‘आर्म’ म्हणजे फक्त दंड, खांदा ते कोपर. कोपर ते मनगट तो ‘फोरआर्म’. याला रोजच्या मराठीत एकच असा शब्द नाही, म्हणून "कोपराखालचा हात" असंच म्हणा. पंजा म्हणजे ‘हँड’, त्यात २७ हाडं, पैकी ८ मनगटाची.

बोटांना नंबर देऊ नका. ‘दुसरं बोट’ कुणी अंगठ्यापासून मोजतं, कुणी तर्जनीपासून. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी नावंच लिहा. ऑपरेशनच्या कागदावर याला फार किंमत आहे.

लसीकरणाच्या ड्युटीवर लगेच उपयोगी पडेल असं: बीसीजी (क्षयाची लस) डाव्या दंडावर, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) डाव्या मांडीच्या मधल्या भागात, पुढून बाहेरच्या बाजूला.

९. पाय

इथली चूक वर सांगितलीच. ‘लेग’ म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने फक्त गुडघा ते घोटा, पुढून नडगी आणि मागून पोटरी. त्याच्या वर मांडी, ‘थाय’. घोट्याखाली पाऊल, ‘फूट’, त्यात २६ हाडं. विदर्भातले पेशंट गुडघ्याला टोंगळा म्हणतात, तेही वहीत लिहा. खुब्याचं दुखणं कधी कधी जांघेत, मांडीत, अगदी गुडघ्यातही जाणवतं, तेव्हा पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी बघायचे.

कुल्ल्यात इंजेक्शन द्यायचं असेल तर त्याचे मनात चार भाग करा आणि वरचा बाहेरचा भाग घ्या. सायटिक ही जाड नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) आतल्या आणि खालच्या भागातून जाते. तिला सुई लागली तर पाय कायमचा अधू होऊ शकतो.

१०. भाजलेल्या पेशंटसाठी नऊचा हिशेब

मोठ्या माणसाचं किती अंग भाजलं ते भागांवरून काढतात: डोकं आणि मान ९ टक्के, प्रत्येक अख्खा हात ९, धड पुढून १८, मागून १८, प्रत्येक अख्खा पाय १८, जननेंद्रियाची जागा १. बेरीज करून बघा, शंभर येते. लहान मुलांना हा हिशेब जसाच्या तसा लावू नका, त्यांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं. भाजल्याचे डाग विखुरलेले असतील तर पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट साधारण १ टक्का धरतात.

११. विचारायचं कसं, लिहायचं कसं

"कुठं दुखतंय?" विचारल्यावर लगेच वही उघडू नका. "एका बोटानं दाखवा" म्हणा. एका बोटाने दाखवता आलं तर जागा नेमकी; पूर्ण पंजा फिरवला तर दुखणं पसरलेलं. मग "इथून दुसरीकडं जातं का?" हे विचारा. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्याकडे जातं, हृदयाचं डाव्या हातात किंवा जबड्यात. पेशंट दोन्ही जागा सांगेल. तो गोंधळला आहे असं समजून एक गाळू नका.

लिहिताना क्रम असा ठेवा: बाजू, भाग, जवळच्या हाडापासून अंतर, डोळ्यांना काय दिसलं, आणि शेवटी पेशंटचे शब्द जसेच्या तसे. त्या आजींची नोंद सिस्टरनी माझ्याकडून पुन्हा लिहून घेतली, ती अशी होती: ‘उजवी बाजू. खुबा आणि मांडीचा वरचा भाग दुखतो. उजवा पाय आखूड, पाऊल बाहेर वळलेलं. गुडघा, घोटा, पाऊल यांना सूज नाही. पेशंट म्हणते: पाय लई दुखतोय.’